मासा कुठाय?

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर कोणीतरी जुने फोटो टाकायची टूम काढली. कोणी माथेरानचे टाकले, कोणी मुंजीचे, कोणी लग्नाआधीचे जाड फ्रेमच्या चष्म्यातले. मी पण हात धुवून घेतले, मनोरीच्या समुद्रातला माझा तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'भल्यामोठ्या माशाशी झुंज'. दोन मिनिटं सगळं गप्प. मग काकूचा मेसेज आला, 'मासा कुठाय?' झालं, हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. धाकट्या भावाने लिहिलं, 'पाठ छान आलीये दादा'. आणि खरंच, त्या फोटोत मासा नाहीच. माझी पाठ आहे, केशरी लाईफ जॅकेट आहे, मानेला घामाने चिकटलेले केस आहेत आणि एक रॉड आहे जो इतका वाकलाय की टोक पाण्यात गेलंय. बाकी सगळं करडं पाणी. मी उत्तर टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं, परत पुसलं. नीट सांगायचं तर अर्धा तास पाहिजे, आणि घरच्या ग्रुपवर अर्धा तास फक्त कोणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनला मिळतो.

रात्री झोप येईना म्हणून तोच फोटो झूम करून बघत पडलो होतो. तर उजव्या खांद्याच्या वर, पाणी जिथे धुक्यात संपतं तिथे, काळ्या उभ्या रेघा दिसल्या. चार-पाच असतील. शेजारी एक निळा ठिपका, म्हणजे तरंगणारं पिंप. डोलीचे खुंट. आता ज्यांनी डोल बघितली नसेल त्यांना एवढंच सांगतो की समुद्राच्या तळात लांब खांब ठोकतात, त्याला पिशवीसारखं मोठं जाळं बांधतात, तोंड पाण्याच्या ओढीकडे, आणि पाणी स्वतःच मासे आत आणून घालतं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, मुंबईकर जे चवीने खातो त्यातलं बरंच त्या पिशवीतून येतं. ओढ जोराची असताना कयाकसारखी हलकी होडी त्या खुंटांवर आडवी गेली तर काय होईल हे मला त्या दिवशी नंतर समजावून सांगण्यात आलं. पण फोटो काढला तेव्हाच खुंट एवढे जवळ आले होते, नित्याला ते दिसत होते, आणि तरी हा पठ्ठ्या पॅडल मांडीवर ठेवून माझ्या पाठीचा फोटो काढत होता?

हे काही डोक्यातून जाईना.

नित्या म्हणजे नितीन, माझा कॉलेजपासूनचा दोस्त, मनोरीचा कोळी. घरातला पहिला जो समुद्रावर गेला नाही, म्हणजे पोटासाठी गेला नाही. तो मालाडला एका ऑफिसात एसीत बसून लोकांचे क्लेम तपासतो आणि रोज मार्व्याची फेरी पकडून घरी जातो. त्याच्या बाबांची डोलीची होडी होती, डिझेल परवडेना, खलाशी मिळेनात, वर बाबांचा गुडघा गेला, मग होडी विकली. याबद्दल नित्या कधी जास्त बोलत नाही. पण होडी गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी त्याने मला फोन करून सांगितलं की अलिबागकडच्या एका रिसॉर्टवाल्याने जुनी दोन सीटची कयाक विकायला काढलीये, निम्मे पैसे टाकतोस का. मी टाकले. मला वाटलं पिकनिकचा प्रकार असेल. पिवळीधमक प्लास्टिकची होडी, वर बसायची, तळाला आरपार भोकं, त्यातून पाणी आत येतं आणि त्यातूनच बाहेर जातं, त्यामुळे बूड कायम ओलं. ती टेम्पोतून गोराईमार्गे मनोरीत उतरली तेव्हा अख्खी आळी बघायला आली होती. नित्याच्या बाबांनी ओट्यावरून एक नजर टाकली आणि म्हणाले, 'नाव काय ठेवणार? रबर डक?' (बदकाचं रंगीत खेळणं त्यांना नातवामुळे माहीत झालेलं.) आईने मात्र दुसऱ्याच दिवसापासून तिचा उपयोग शोधला. उलटी करून ठेवलेल्या कयाकवर जुनी साडी पसरायची आणि त्यावर जवळा वाळत घालायचा. अजूनही आम्हाला बाहेर जायचं असेल तर आधी जवळा गोळा करावा लागतो, आणि उन्हात तापलेल्या त्या प्लास्टिकला जो वास चिकटलाय तो कुठल्याही साबणाने जात नाही. मी घरी आलो की बायको दारातच ओळखते.

माझा आणि माशांचा संबंध तोवर बाजारापुरता. लहानपणी रविवारी बाबांबरोबर मालाडच्या मासळी बाजारात जायचो, पायात स्लीपर, खाली चिखल आणि बर्फाचं पाणी. बाबा बँकेत कारकून, आवाज कधी चढायचा नाही, पण तिथे गेले की वेगळेच व्हायचे. कल्ला उचलून आतला रंग बघायचा, बोटाने पोट दाबायचं, तोंड वाकडं करायचं, दोन पावलं निघून जायचं आणि मावशीने हाक मारायची वाट बघायची. मावशीपण पक्की, ती नेमकी तिसऱ्या पावलाला हाक मारायची. मासा म्हणजे मला हे होतं, मेलेला, चकचकीत, भाव ठरायचा बाकी असलेला. जिवंत मासा दोरीच्या दुसऱ्या टोकाला असला की काय होतं ते कळायला चाळिशी उजाडावी लागली. आणि नित्याच्या घरी तर गळाने मासे पकडणं म्हणजे पोरखेळ. त्याचे बाबा एकदा अगदी गंभीरपणे मला म्हणाले, 'एका माश्यासाठी दोन माणसं, सकाळभर? आणि त्याचे तुमी पैसे भरता?' मी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, शांतता वाटते, डोकं मोकळं होतं वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की शांतता पाहिजे तर घरी झोप ना बाबा.

त्या दिवशी वद्य पंचमी होती. मला तिथी वगैरे कधी माहीत नसते, पण नित्याकडे गेलं की पहिली तीच चर्चा. कोळीवाड्यात भरतीचं गणित सोपं आहे, तिथीची पाऊणपट करायची. पंचमी म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, तिथून सहा तासांनी दहाच्या आसपास पाणी पूर्ण उतरणार. म्हणजे उजाडताना सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीबरोबर, खाडीतून बाहेर पडायचं, दहापर्यंत काय ते खेळून घ्यायचं आणि भरतीबरोबर आत यायचं, हाताला त्रास नाही. मी अंधारात मार्व्याच्या धक्क्यावर पोचलो. फेरीबोटीत मोटारसायकली, दुधाचे कॅन, नाइट शिफ्ट करून घरी चाललेली पेंगुळलेली पोरं, आणि पलीकडून येणाऱ्या बोटीत टोपल्या घेतलेल्या बायका. दिवाळी होऊन गेली होती, हवेत जरासा गारवा, आणि जमिनीवरून समुद्राकडे जाणारा तो पहाटेचा वारा ज्यात खाजणातल्या चिखलाचा आणि बोंबलांचा वास अर्धा-अर्धा असतो. वाईट वास आहे असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही, पण मला आवडतो.

कयाकमध्ये पुढे मी, मागे नित्या. हे पहिल्यापासून ठरलेलं, म्हणजे ठरवलं कोणीच नाही, पण तसंच झालं. मागे बसणारा होडी वळवतो, पुढच्याला फक्त आपल्या पॅडलचा ताल धरायचा असतो. याचा एक परिणाम असा की कयाकवर मित्राशी बोलताना मित्राचा चेहरा कधीच दिसत नाही. वळून बघायला गेलं की होडी कलते. आवाज तेवढा मागून येतो, आणि थोड्या वेळाने होडीच्या हलण्यावरूनच कळायला लागतं की याचा मूड कसाय. त्याच्या घरच्या गोष्टी, म्हणजे बाबांचा गुडघा, बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं ते, सगळं मला असंच कळलंय, पाठीमागून. समोरासमोर बसून चहा पिताना तो फक्त क्रिकेटवर बोलतो.

बाहेर आलो तेव्हा सूर्य वर यायचा होता आणि पाणी अगदी सपाट. खाडीच्या तोंडाजवळ जिथे वाळूचा उंचवटा संपून एकदम खोल होतं तिथे नित्याने थांबायला सांगितलं. बोय माशाचा तुकडा गळाला लावला, शिसं बांधलं, तळाला सोडलं. तांब मिळेल, नशीब असेल तर जिताडा. जिताड्याचा एक किस्सा नित्या दर वेळी सांगतो की हा मासा तरुणपणी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणून मोठा जिताडा पकडला तर 'जिताडा' कसलं म्हणता, 'जिताडीबाई' म्हणा. खरी गोष्ट आहे ही, थट्टा नाही, पण सकाळी सहाला ऐकायची तयारी नसते. तेवढ्यात तटरक्षकांची असेल की पोलिसांची, गस्तीची एक बोट लांबून गेली, आमच्याकडे जरा रोखून बघितलं आणि निघून गेली. २००८ नंतर मुंबईच्या समुद्रात अनोळखी छोटी होडी दिसली की लोक रोखून बघतात, आणि बघायलाच पाहिजे. आमचा पिवळा रंग बघून बहुतेक सगळे हसतात.

किती वेळ गेला माहीत नाही. लाईन सरळ खाली. मग ती सरळच राहिली पण जड झाली. टकटक नाही, झटका नाही, काही नाही. मला वाटलं तळाला अडकली, खडक असेल किंवा एखादं जुनं जाळं. मी रॉड उचलला, तो अर्धा वाकला आणि थांबला. आणि मग तो खडक चालायला लागला.

रिक्षाच्या मागे दोरी बांधून ती हातात धरावी आणि कोणीतरी रिक्षा सुरू करावी, तसं. घाई नाही, जोर फक्त. रीलमधून लाईन सुटायला लागली, तो बारीक कर्रर्र आवाज, आणि बघतो तर कयाकचं तोंड हळूहळू वळून माशाकडे झालं आणि आम्ही पॅडल न मारता चाललो होतो. नाकाशी पाणी फुटून छोटी लाट झालेली. मागून नित्या एवढंच म्हणाला, 'आयला.' मग जरा वेळाने, अगदी हळू, कोणी ऐकू नये अशा बेताने, 'घोळ?'

आता इथे प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे. तो शब्द आला आणि सकाळ बदलली. २०२१ मध्ये पालघरच्या मुरब्याच्या कोळ्यांना पहिल्याच फेरीत दीडशेवर घोळ लागले आणि लिलावात एक कोटी तेहेतीस लाख आले, ही बातमी किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात तोंडपाठ आहे. घोळीच्या पोटात हवेची पिशवी असते, भोत म्हणतात तिला, खरे पैसे त्याचे. ती वाळवून परदेशात जाते, हाँगकाँग, सिंगापूरकडे, औषधाला, सूपला, ऑपरेशनच्या टाक्यांच्या दोऱ्याला, काय काय सांगतात. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी गुजरातने घोळ उचलला, धंदा कोणाला कळतो ते बघून घ्या. तर हे सगळं माझ्या डोक्यात अर्ध्या सेकंदात येऊन गेलं आणि त्याच्या मागोमाग गृहकर्जाचा हप्ता. आजूबाजूला एवढा सुंदर उजेड पडत होता, पाणी आधी जांभळं मग तांबूस होत होतं, आणि मी मनातल्या मनात भागिले दोन करत होतो. नित्या मागे काय करत होता माहीत नाही. पण बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि नित्या गप्प म्हणजे आकडेमोड चालू.

मग पुढचा तासभर. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असतं तर दोन माणसं एका पिवळ्या होडीत बसून काहीच करत नाहीयेत. पण कयाकवर मोठा मासा लागला की पाय टेकायला काही नसतं, उभं राहता येत नाही, सगळा जोर पोटातून आणि कमरेतून काढायचा. रॉड वर उचलायचा, खाली आणताना दोन-तीन वेटोळी गुंडाळायची, परत उचलायचा. आपण दोन मीटर मिळवायचे आणि त्याने चार न्यायचे. डाव्या हाताची बोटं आधी दुखली, मग बधिर झाली, मग माझी राहिलीच नाहीत. बोयाच्या खवल्यांचा चिकटपणा रॉडच्या मुठीला, घाम डोळ्यात, आणि पुसायला हात नाही. मला दिसत होतं ते फक्त लाईन जिथे पाण्यात शिरते ते ठिकाण. तिथे पाणी कापल्याची एक बारीक रेघ आणि त्या रेघेच्या तोंडाशी छोटासा बुडबुडा. अख्खं जग तेवढंच. मागून नित्याचा आवाज यायचा, 'डावीकडे देतो', 'थांब आता ओढू नको', 'सोड, सोड, जाऊ दे त्याला', आणि होडी बरोबर तशी वळलेली असायची. रॉड कधी बाजूला आला नाही, मासा कायम नाकासमोर. बाजूने ओढ लागली असती तर एका झटक्यात दोघं पाण्यात. म्हणजे मासा माझ्या हातात होता हे बरोबर, पण मी त्याच्याशी भांडत बसू शकत होतो ते दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यांमुळे. फोटोत अर्थातच ते खांदे नाहीत, फोटो त्यानेच काढलाय ना.

आणि मग तो वर आला.

आधी पाण्याचा रंग बदलला. करड्या पाण्यात एक तपकिरी जागा, आणि ती जागा मोठी होत गेली, होतच गेली. मी मासा शोधत होतो, तोंड, शेपूट, चंदेरी काहीतरी, म्हणून मला पहिल्यांदा कळलंच नाही की ही जागा म्हणजेच मासा. पाकट. आमच्या कयाकपेक्षा रुंद, दोन्ही बाजूंनी बाहेर, आणि मागे चाबकासारखी ती शेपूट, जी मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही. नित्या म्हणाला, 'हात आत घे.' तसं पण माझे हात रॉडवरच होते. शेपटीच्या बुडाशी काटा असतो, करवतीचे दात आणि वर विष. नित्याच्या काकाच्या पोटरीला लागला होता, गरम पाण्यात पाय बुडवून बसले होते तासन्‌तास, कारण उष्णतेने ते विष मरतं, तरी अजून तिथे खड्डा आहे. जाळ्यात पाकट आलं की कोळी आधी शेपूट छाटतात, मग बाकीचं बघतात. पण आमच्या प्लास्टिकच्या होडीत ना कोयता ना जागा.

ते तसंच पडून राहिलं, होडीला लागून, बहुतेक तेही दमलं होतं. मी वाकून बघितलं. तोंड खालच्या बाजूला असल्यामुळे दिसत नाही, डोळे मात्र वर, आणि प्रत्येक डोळ्याच्या मागे एक भोक. पाकट तळाच्या वाळूत तोंड खुपसून पडतं म्हणून श्वासाचं पाणी या वरच्या भोकातून आत घेतं. ती भोकं उघडत होती, मिटत होती, उघडत होती. आत पांढुरकं काहीतरी हलत होतं. डोळा पिवळसर, बुबुळ आडवं, आणि तो माझ्याकडे बघत होता असं मी म्हणणार नाही, पण न बघता कसा राहील इतका जवळ होता. मला भीती वाटली, आणि आनंद झाला, आणि घोळ नाही म्हणून पोटात कुठेतरी एक बारीकशी निराशा पण झाली, आणि त्या निराशेची लगेच लाज वाटली. हे सगळं एकदम. तेवढ्यात होडी जरा हलली, पाकटाने एकदा पंख हाणले, तोंडभर खारं पाणी उडालं आणि ते सरळ खाली गेलं. रील परत ओरडायला लागली. मी परत रॉड पोटाशी धरला.

आणि खट्‌ असा आवाज आला. रॉड सरळ. मी मागे पडता पडता वाचलो.

नित्याने माझ्या खांद्यावरून हात पुढे घालून रीलजवळ लाईन कापली होती. चाकू अजून त्याच्या हातात, माझ्या कानाजवळ. मी काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. तो म्हणाला, 'पॅडल घे. उलटं मार. आता.' त्या आवाजात त्याने माझ्याशी आधी कधी बोललेलं नव्हतं. मी मान वर केली तेव्हा खुंट समोर होते, इतके जवळ की त्यावरचे शिंपले दिसत होते, आणि पाणी त्यांना घासून दोन्ही बाजूंनी पांढरं होऊन चाललं होतं. सुकती भर जोरात होती. आम्ही दोघांनी उलटं पॅडल मारलं, मारलं, मारलं, होडी आधी थांबली, मग इंच इंच बाजूला सरकली आणि शेवटचा खुंट आणि निळं पिंप आमच्या डाव्या अंगाने निघून गेलं. त्या पिंपावर पांढऱ्या रंगाने कोणाचं तरी नाव लिहिलेलं होतं, अर्धं पुसलेलं.

दहानंतर पाणी फिरलं तसे आम्ही आत आलो. कोणी बोललं नाही. समोर पार आत गोराईच्या पॅगोडाचा सोनेरी घुमट उन्हात झगझगत होता आणि मी त्याच्याकडे बघून पॅडल मारत होतो, चिडून. घरी ओट्यावर पोचल्यावर नित्याच्या आईने विचारलं, काय मिळालं. नित्याने सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, 'एवरं मोठं पाकट व्हतं नं सोरलं? येडी झाली का काय तुमी!' आणि मग आम्हाला मांदेली तळून दिली, बाजारातून आणलेली.

त्या दिवसाची गोष्ट आम्ही दोघांनी बऱ्याच वेळा सांगितलीये, लग्नात, पार्ट्यांत, फेरीबोटीवर. गंमत म्हणजे दोघांच्या गोष्टी वेगळ्या. माझ्यात पाकट वाढत जातं. नित्याच्यात पाकट दोन वाक्यांत संपतं आणि सुकतीच चालू राहते, पाणी कसं होतं, वारा कुठून होता, खुंट किती हातांवर होते. लाईन कापायच्या जागी आलो की मी म्हणतो 'याने कापली' आणि तो म्हणतो 'आम्ही सोडलं'. त्यावरून आमचं भांडण झालेलं नाही. पण मला मध्येच कधीतरी ट्रॅफिकमध्ये बसलेलं असताना आठवतं की रीलजवळ कापली म्हणजे पाच-पन्नास मीटर तरी लाईन त्या पाकटाच्या तोंडाला लटकत गेली असणार, आणि ती दोरी कुजणारी नाही. कुठल्या खडकात अडकलं असेल का ते. की गळ गंजून पडला असेल आणि ते परत वाळूत तोंड खुपसून आरामात पडलं असेल. दुसरं काही करायला वेळ होता का तर नव्हता. हे मला पटतं. तरी आठवतं.

तर फोटो. दुसऱ्या दिवशी मी नित्याला तो झूम केलेला तुकडा पाठवला आणि विचारलं, हे काय, खुंट एवढे जवळ असताना तू फोटो काढत होतास? बराच वेळ दोन निळ्या टिका नुसत्या. मग त्याचा फोनच आला. म्हणाला, 'तेव्हा जवळ नव्हते रे, झूम आहे तो. चांगला वेळ होता.' मी म्हटलं ठीक आहे, पण फोटो घ्यायला तो मासा तरी वर येऊ द्यायचास, नुसती माझी पाठ काय घेतलीस. तर तो हसला. म्हणाला, 'तुझी पाठ कशाला घेऊ? तू मध्ये आलास.'

ती जागा त्यांची होती. होडी विकली तेव्हा खुंटांची जागा पण दुसऱ्याकडे गेली. कोळीवाड्यात कोणी कुठे डोल लावायची हे पिढ्यांपिढ्या ठरलेलं असतं, कागद नाही, पण सगळ्यांना माहीत. आजोबांनी लावली, बाबांनी लावली. नित्या शाळेत असताना सुट्टीत बाबांबरोबर तिथे जायचा, रात्री, पाणी फिरायच्या वेळी, आणि झोपेत ओकायचा. त्यानंतर कधी गेला नव्हता. फेरीबोटीतून ती बाजू दिसत नाही. त्या दिवशी पाकटाने ओढत ओढत नेमकं तिकडे नेलं, आणि धुक्यातून खुंट दिसल्यावर याने पाऊचमधून फोन काढला. बाबांना दाखवायला. बाबांनी फोटो बघितला, बोटांनी मोठा केला, माझ्याबद्दल चकार शब्द नाही, आणि म्हणाले की उत्तरेकडचा खुंट कललाय, त्यांना सांग, उधाणाच्या आधी काढून परत ठोका नाहीतर जाळं घेऊन जाईल. नित्याने तो निरोप खरंच पोचवला म्हणे. आणि त्यांनी ठोकला पण.

हे सगळं त्याने फोनवर सांगितलं, म्हणजे परत चेहरा न दिसता. मी ग्रुपवर काकूला अजून उत्तर दिलेलं नाही, आणि आता तो विषय मागे पडून बारशाच्या फोटोंवर गेलाय, त्यामुळे सुटलो.

पुढच्या भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ कमी असताना परत जायचं ठरतंय. मी या वेळी हट्ट धरला की मागे मी बसणार, होडी मी वळवणार, तू घे रॉड, बघू तरी. नित्याने विचारलं, 'अष्टमीला भरती किती वाजता?' मी म्हटलं सहाला. 'बरं. आणि आपण सातला निघालो तर पाणी कुठे ओढणार?' मी विचार करत होतो तेवढ्यात मागून त्याच्या बाबांचा आवाज आला, 'त्याला पुढेच बसव रे.' आणि आईने ओरडून सांगितलं की अष्टमी-बिष्टमी काय ते तुमचं तुम्ही बघा, पण जवळा वाळल्याशिवाय होडीला हात लावायचा नाही.